दोष दूर झाल्याची तक्रार

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी साहेब,
जिल्हा उस्मानाबाद
यांचे सेवेशी.

अर्जदार : राघवेंद्र गुंडेराव चिंचोलकर, बी.एस्सी., बी.टी., विज्ञान शिक्षक, माध्यमिक शाळा, मौजे करंजखोरी, तालुका तुळजापूर.

विषय : श्री. उत्तरेश्वर भगवंतराव ढोबळे यांच्या नवीन पिस्तुलात काडतुसे अडकण्याचा जो दोष होता तो दूर झाल्याबद्दल तक्रार.

संदर्भ : याच विषयावरील अर्जदाराचा पहिला अर्ज व त्यास मिळालेले उत्तर.

महोदय,

१. अर्जदार मौजे करंजखोरी येथील शाळेत पदार्थविज्ञान व रसायन शिकवतो. त्याचे शिक्षण हैदराबादेत झाले. डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले एकत्र कालवू नये, ही सवय त्याला तेथे लागली व या गावातही ती सुटलेली नाही. सबब या अर्जात जे पाहिले ते पाहिले म्हणून, आणि जे ऐकले ते बोलणाऱ्याच्याच शब्दांत, ऐकले म्हणून नमूद केले आहे. बोलीतील हे शब्द सरकारी दप्तरात शोभणार नाहीत याची अर्जदारास जाणीव आहे. परंतु ते शुद्ध करून लिहिले असता त्यांतील धमकी निघून जाते, असे पहिल्या अर्जाच्या वेळी आढळून आले.

२. श्री. ढोबळे हे गावातील सर्वांत मोठे जमीनदार असून शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष आहेत. गाव त्यांना मालक म्हणते. त्यांचे धाकटे बंधू बब्रुवान हे दोन वर्षांपूर्वी तापाने वारले. मागे पत्नी द्वारकाबाई राहिल्या, मूलबाळ नाही. नव्या वारसा कायद्याने नवऱ्याचा वाटा आपणास मिळतो, हे द्वारकाबाईंना तुळजापूरच्या एका वकिलाने सांगितले, व त्यांनी तो दिराकडे तोंडी मागितला. त्यानंतर थोड्याच अवधीत, गतसाली नवरात्राच्या आधी, श्री. ढोबळे यांनी रीतसर परवान्यावर परदेशी बनावटीचे, बत्तीस बोअरचे, आपोआप भरले जाणारे नवे पिस्तूल घेतले. रानडुकरांपासून पिकाचे संरक्षण, असे कारण त्यांनी परवान्याच्या अर्जात दिल्याचे ते स्वतःच सांगतात. करंजखोरीच्या शिवारात अर्जदाराने अद्याप रानडुक्कर पाहिलेले नाही.

३. चैत्रात ज्वारीची मळणी चालू असता द्वारकाबाई खळ्यावर आल्या व राशीतला आपला हिस्सा वेगळा काढून ठेवा, असे मजुरांदेखत म्हणाल्या. अर्जदार शाळेच्या एका कागदावर अध्यक्षांची सही घेण्यासाठी तेथे उभा होता, त्यामुळे पुढील मजकूर पाहिलेला आहे. श्री. ढोबळे यांनी कमरेचे पिस्तूल काढले, वरचे सरकते आवरण झटक्याने मागे ओढून सोडले आणि ते द्वारकाबाईंवर रोखून घोडा दाबला. काही झाले नाही. काडतूस नळीत न जाता तोंडाशी तिरपे अडकले होते. त्यांनी ते झटकून पाडले, पुन्हा ओढले, पुन्हा दाबले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळीही काडतूस अडकले.

द्वारकाबाई जागच्या हलल्या नाहीत. पदर सावरून त्या म्हणाल्या, "ओढा की भाऊजी, का थांबलाव? आई बसली हाय नळीत. तिला इचारून ओढा."

श्री. ढोबळे यांच्या मातोश्री सारजाबाई तेथेच मजुरांच्या भाकरी मोजत होत्या. त्यांनी भाकरीची पाटी खाली ठेवली, लेकाच्या हातातले पिस्तूल दोन्ही हातांनी काढून घेतले, ते कपाळाला लावले व घरी देव्हाऱ्यात नेऊन ठेवले. रास तशीच राहिली. त्या दिवशी कोणी मळणी केली नाही.

४. यानंतर जे झाले त्याबद्दल अर्जदाराची तक्रार नव्हती, हे येथे स्पष्ट करणे अवश्य आहे. ती असावयास हवी होती, असे त्याला तेव्हा वाटले, आणि सर्व अनर्थ त्या वाटण्यातून निघाला. गाव देवीला आई म्हणते, आणि द्वारकाबाईंच्या त्या वाक्यावरून ते या पिस्तुलाला देवीचे पिस्तूल म्हणू लागले. मंगळवारी त्यापुढे नारळ फुटू लागले. शेजारच्या वाडीतून एक बाई आजारी रेडकू घेऊन त्याच्या दर्शनाला आली. वार्षिक परीक्षेत घर्षण म्हणजे काय, या प्रश्नाच्या उत्तरात एका विद्यार्थ्याने, "लोखंड लोखंडावरून सरकू नये अशी देवीची इच्छा," असे लिहिले व खाली उदाहरण म्हणून मालकांचे पिस्तूल दिले. अर्जदाराने त्यास शून्य गुण दिले. तो निर्णय फेरविचारास पात्र आहे.

याच काळात द्वारकाबाईंनी धाराशिवच्या दिवाणी कोर्टात वाटणीचा दावा लावला. त्या एकट्या, पायी, दिराच्या रानातून तामलवाडीच्या रस्त्याला येत आणि तेथून एस.टी.ने कोर्टाच्या पेशीस, म्हणजे सुनावणीस, जात. त्यांना कोणी अडवले नाही. श्री. ढोबळे त्या वाटेवर दिसत नसत. ते दाढी वाढवून ओट्यावर बसत आणि देव्हाऱ्याकडे पाठ येणार नाही अशा बेताने कूस बदलत.

५. ज्येष्ठात त्यांनी अर्जदारास बोलावून घेतले. ओट्यावर दोघेच होते. त्यांचे शब्द असे : "मास्तर, तुमी शिकलेले. मला एवढं खरं सांगा. आईनं धरलंय का कळ बिघडलीय? आईनं धरलं असंल तर द्वारकीचा वाटा म्या उद्या लिहून देतो. देवाशी भांडण न्हाय करायचं आपल्याला. पर नुसती कळ बिघडली असंल, तर तसं सांगा."

साहेबांनी हे वाक्य कृपया दोनदा वाचावे. अर्जदाराने ते एकदाच ऐकले. एका प्रतिष्ठित नागरिकास अंधश्रद्धेतून सोडवण्याची संधी, एवढाच अर्थ त्याने त्यातून घेतला. वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्यात काय ठेवले आहे, इकडे त्याचे लक्ष गेले नाही. त्याने पिस्तूल व काडतुसे फडक्यात बांधून शाळेच्या प्रयोगशाळेत नेली. सारजाबाई दारात आडव्या आल्या व म्हणाल्या, "मास्तर, लई खोल जाऊ नगा." अर्जदाराने त्यांना नम्रपणे सांगितले की, खोल गेल्याशिवाय कारण सापडत नाही.

६. तपासणीचा वृत्तांत पहिल्या अर्जात सविस्तर दिला होता. येथे तो थोडक्यात देत आहे, कारण पुढील सर्व मजकूर त्यावर उभा आहे.

नव्या हत्यारात काडतूस वर चढत नसेल तर संशय घेण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. कारखान्यातून येताना गंज चढू नये म्हणून भरलेले जाड ग्रीस राहिले असेल, ते नव्हते. काडतुसांची डबी, जिला मॅगझीन म्हणतात, ती मुठीत पुरती बसत नसेल. ती खटका वाजून नीट बसत होती. डबीचे ओठ वाकले असतील, आतली स्प्रिंग नरम असेल. ओठ सरळ होते व स्प्रिंग इतकी ताठ की अर्जदाराचा अंगठा सोलला. काडतुसे चुकीच्या मापाची असतील, मापात होती. सर्व सुटे भाग निर्दोष आणि एकत्र केल्यावर सदोष, असा तो प्रकार होता. श्रद्धाळू माणूस याच ठिकाणी हात जोडतो.

अर्जदाराने गावच्या सुताराकडून बाभळीच्या लाकडाची त्याच मापाची खोटी काडतुसे करून घेतली. ती डबीत भरून आवरण मागेपुढे केले असता एकूण एक बिनतक्रार नळीत गेली. याचा अर्थ दोष पिस्तुलात नव्हता. खऱ्या काडतुसांच्या अंगावर होता. भिंगातून पाहता प्रत्येक काडतुसावर तपकिरी-तांबड्या रंगाचा पातळ, चिवट लेप दिसला. डबीच्या आतल्या बाजूंवरही तोच. अर्जदाराने थोडा लेप खरवडला, स्पिरिटाने त्यातला चिकटपणा काढला आणि उरलेल्या तांबड्या कणांवर लिंबाचा थेंब टाकला. कण पिवळे झाले. हळदीत चुन्याची निवळी घालून केलेल्या घरच्या कुंकवाशिवाय दुसरे काही असे वागत नाही.

७. चौकशीअंती कळले ते असे. खंडेनवमीस घरातील शस्त्रे पूजण्याची चाल सर्वत्र आहे. कोयते, कुऱ्हाडी, तलवार यांना कुंकू लावून वर समईतील तेलाचे बोट फिरवतात. त्याने त्यांचे काही बिघडत नाही, कारण तलवारीला आतली बाजू नसते. सारजाबाईंनी या नवीन शस्त्राची पूजा करताना तोच न्याय लावला. डबीतली काडतुसे एकेक बाहेर काढली, प्रत्येकास कुंकू लावले, तेलाचे बोट फिरवले व भक्तिभावाने पुन्हा आत भरली. तेल घरच्या घाण्याचे, करडईचे. हे तेल पातळ थराने उघडे राहिले की कालांतराने वाळून रोगणासारखे चिवट होते. या भागात घोंगडी-मोटांना लावण्यासाठी त्याचे रोगण करतातच. नवमीपासून चैत्रापर्यंत ते डबीच्या आत बसून वाळले. काडतुसे एकमेकांना व डबीच्या भिंतींना चिकटली.

तरीही स्प्रिंग ती वर ढकलत होती, फक्त सावकाश. अर्जदाराने पुनःपुन्हा पाहिले : आवरण हळू मागे घेऊन क्षणभर थांबले असता काडतूस वेळेत वर येई व नळीत जाई. झटक्याने ओढून सोडले असता ते अर्ध्या वाटेवर असतानाच आवरण पुढे येई आणि ते तिरपे अडके. म्हणजे शांत डोक्याने नेम धरणाऱ्याच्या हाती हे पिस्तूल चालले असते. रागावलेल्या माणसाच्या हाती ते हमखास अडकत होते.

हे वाक्य अर्जदाराने वहीत लिहिले, त्याखाली रेघ ओढली, व बिघाडाची ही रीत मोठी सुबक आहे म्हणून स्वतःशीच हसला. त्या हसण्याचाही उल्लेख वगळू नये असे त्यास वाटते.

८. अर्जदाराने सर्व भाग रॉकेलने धुतले, काडतुसे पुसून लख्ख केली, शिवणयंत्राचे पातळ तेल जेथे हवे तेथे दिले आणि पिस्तूल चावडीसमोर परत केले. चावडीसमोर अशासाठी की गावाचा गैरसमज गावादेखत दूर व्हावा. त्याने लिंबू कापून कुंकवाचा प्रयोगही करून दाखवला. लोकांनी तो पाहिला व कोणी टाळी वाजवली नाही. मग श्री. ढोबळे यांनी मातीने भरलेल्या पोत्यांवर नेम धरला. आवरण झटक्याने ओढले, अगदी खळ्यावर ओढले होते तसे. डबीत भरलेली सगळी काडतुसे एकामागून एक सुटली. एकही अडले नाही.

आवाज विरल्यावर श्री. ढोबळे यांनी अर्जदारास फेटा बांधवला आणि मोठ्याने म्हणाले, "लई उपकार झाले मास्तर. शंका फिटली. आई आमच्या मधी नव्हतीच." दुसऱ्या दिवशी त्यांनी दाढी केली.

९. अर्जदारास फेटा बांधला जात असताना सारजाबाई तेथेच होत्या. गर्दी पांगल्यावर त्या अर्जदारास म्हणाल्या, "मास्तर, एक ल्योक तापानं नेला. दुसरा फासावर जाऊ नये म्हणून म्या त्या एकेका गोळीला हात जोडले हुते. तुमी ते राकेलनं धुतलं." अर्जदाराने त्यांना समजावले की, पिस्तूल देवीने नव्हे, वाळलेल्या तेलाने अडवले होते. त्या म्हणाल्या, "त्याल कुणी लावलं हुतं?"

अर्जदाराने घरी येऊन वही पुन्हा उघडली. पूजेमुळे पिस्तूल अडले, असे गाव म्हणत होते. सर्व तपासणीनंतर अर्जदार ज्या निष्कर्षास आला तो असा की, पूजेमुळे पिस्तूल अडले. दोन्ही विधानांत एका अक्षराचाही फरक नाही. गावाने ते विधान नीट सांभाळले असते. अर्जदाराने त्याचा पुरावा दिला आणि त्याबरोबर त्याचा उपाय दिला.

द्वारकाबाई शाळेच्या फाटकाशी भेटल्या. आवाज चढला नव्हता. म्हणाल्या, "तुमी खरंच सांगितलं असंल मास्तर. पर त्या खऱ्याला घिऊन म्या पेशीला कशी जाऊ?"

१०. त्यांची पुढील पेशी येत्या सोमवारी, दिनांक १७ रोजी आहे. श्री. ढोबळे यांनी त्यांना गड्याकरवी निरोप धाडला आहे. निरोप ऐकीव आहे, परंतु तो आणणारा गडी शपथेवर सांगण्यास तयार होता. परवापासून तो गावात नाही. निरोप असा : "पेशीला खुशाल जा म्हणावं. वाट आमच्याच रानातून हाय. तूर उगवलीय, जपून जा." तूर या दिवसांत वीतभर असते. तीतून जपून जाण्यासारखे काही नाही.

अर्जदार संबंधित ठाण्यात गेला. तेथील अधिकाऱ्यांनी सर्व ऐकून घेतले, चहा मागवला व म्हणाले, "मास्तर, गोळी सुटली न्हाई तवा तुमी गप. आता पोत्यावर सुटली तर तक्रार. पोतं फिर्याद देतंय का?" खळ्यावरील प्रसंग सांगितला असता, "सुटलीच न्हाई तर गुन्हा कशाचा? आणि साक्षीला कोण? ती बाई म्हणती देवी हुती. देवीला समन्स काढू?" असे म्हणून ते हसले. निघताना मात्र ते गंभीर झाले व म्हणाले, "काई घडलं की या. तवर माझे हात बांधलेले हायत." अर्जदार त्यांना दोष देत नाही. त्यांनी नियम सांगितला.

त्यानंतर अर्जदाराने लेखी अर्ज केला. तो मधल्या एका कार्यालयातून परत आला. उत्तर एका ओळीचे आहे : "अर्जदाराच्याच कथनानुसार शस्त्र सुस्थितीत असल्याने व दोष दूर झाला असल्याने तक्रारीस कारण उरत नाही, अर्ज निकाली." त्या ओळीत तर्काची चूक काढण्याचा अर्जदाराने पुष्कळ प्रयत्न केला. चूक नाही.

११. नाइलाजाने अर्जदाराने आयुष्यात प्रथमच शास्त्राच्या नावावर खोटे बोलण्याचे ठरवले. तो श्री. ढोबळे यांच्या ओट्यावर गेला व म्हणाला की, आपल्या तपासणीत चूक झाली. करडईच्या तेलाने एवढा प्रताप होणे शक्य नाही. लिंबाचा प्रयोग निर्णायक नव्हे. काही गोष्टी शास्त्रापलीकडच्या असतात व पिस्तूल पुन्हा देव्हाऱ्यात ठेवून काडतुसांची पूजा पूर्ववत चालू करावी, हे बरे. पदवीधर माणसास एवढे बोलायला किती थुंकी गिळावी लागते, ते येथे लिहीत नाही.

श्री. ढोबळे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "मास्तर, तुमचं शास्त्र बी तारीख वाढवून मागायला लागलं व्हय?" त्यांनी पिस्तूल काढले, आवरण झटक्याने ओढले आणि परसातल्या कडुनिंबाच्या बुंध्यावर गोळी झाडली. "बघा. तुमीच म्हणला हुता, पुराव्याबिगर काई मानायचं न्हाय."

अर्जदार झाडाजवळ गेला. गोळी सालीतून आत गेली होती. तिची उंची त्याने नजरेने जोखली. द्वारकाबाई तेथे उभ्या असत्या, तर बब्रुवान हयात असताना त्या ज्या जागी कुंकू लावत, त्या जागेस ती बरोबर आली असती. हा योगायोग असू शकतो. अर्जदार यापुढे योगायोगाच्या भरवशावर राहण्यास तयार नाही.

सारजाबाई उंबऱ्यावर होत्या. त्यांनी समईच्या तेलाची वाटी हातात घेतलेली होती. श्री. ढोबळे यांनी आईकडे न पाहता सांगितले, "आई, आता डबी माझ्या उशाशी आसती. तेलाला हात लावू नगंस."

१२. वरील सर्व बाजूस ठेवून अर्जदाराने प्रश्नाचा पुन्हा पहिल्यापासून विचार केला. ठाण्यास गुन्हा घडलेला हवा. कचेरीस कारण हवे. श्री. ढोबळे यांनी कायद्याच्या दृष्टीने अद्याप काहीच केलेले नाही. ते सोमवारी करतील, व त्यानंतर द्वारकाबाईंना या अर्जाचा उपयोग राहणार नाही. सबब सोमवारच्या आत या प्रकरणात दुसऱ्या कोणी गुन्हा केला आहे काय, हे अर्जदाराने शोधले. केला आहे. तो अर्जदाराने केला आहे.

(अ) बंदुका-पिस्तुले दुरुस्त करण्यास स्वतंत्र सरकारी परवाना लागतो. अर्जदाराकडे असा परवाना नाही व कधीही नव्हता. तरी त्याने सदर पिस्तूल खोलले, साफ केले, तेल घातले आणि चालू करून दिले. या गुन्ह्यास चावडीसमोर जमलेले अवघे गाव साक्षीदार असून आरोपीस त्याबद्दल जाहीरपणे फेटा बांधण्यात आला आहे. फेटा जपून ठेवला आहे.

(आ) तपासणीच्या वेळी अर्जदाराने एक काडतूस नमुना म्हणून न पुसता बाजूस ठेवले व ते परत केले नाही. ते त्याच्याजवळ विनापरवाना आहे. त्यावरील कुंकवाचा लेप शाबूत आहे.

(इ) वरील दोन्ही गुन्हे शाबीत करण्यासाठी दुरुस्त केलेले हत्यार व त्याची उरलेली काडतुसे जप्त करून मुद्देमालात घेणे ठाण्यास भागच पडते. पिस्तुलाशिवाय दुरुस्तीचा खटला चालू शकत नाही. खटला चालेपर्यंत मुद्देमाल परत देता येत नाही. आणि असे खटले, अर्जदाराने चौकशी केली आहे, दिवाणी दाव्यापेक्षा लवकर संपत नाहीत.

१३. तरी साहेबांच्या चरणी प्रार्थना की, अर्जदाराविरुद्ध त्वरित गुन्हा नोंदवण्याचा हुकूम व्हावा, आणि तो सोमवारच्या आत, सकाळची एस.टी. तामलवाडीस येण्यापूर्वी अमलात यावा. अर्जदार फरारी होणार नाही, जामीन मागणार नाही, वकील देणार नाही. शाळेची नोकरी जाईल, हे त्यास ठाऊक आहे. अध्यक्ष तेच आहेत. आरोपीने जबानी फिरवली, अशी शंका पुढे कोणी काढू नये म्हणून हा संपूर्ण अर्ज त्याने स्वतःच्या हाताने लिहिला आहे. दया दाखवून समज देऊन सोडण्यात येऊ नये. समज दिली असता पिस्तूल जेथे आहे तेथेच राहील.

मुद्देमालाविषयी एक अधिक विनंती. जप्तीनंतर कोणा कर्तव्यदक्ष शिपायाने हत्यारास तेलपाणी करण्याची शक्यता असते. कृपया करू देऊ नये. पुसण्याने काय होते, हे अर्जदाराने एकदा पाहिले आहे.

१४. हुकूम वेळेत न झाल्यास सोमवारी सकाळी अर्जदार द्वारकाबाईंबरोबर त्या रानातून जाईल व त्यांच्या पुढे चालेल. हे धैर्य नव्हे. खळ्यावर त्या बाईंच्या आणि नळीच्या मध्ये कोणीतरी होते, ते अर्जदाराने काढून टाकले. जागा रिकामी झाली आहे आणि ती भरण्याची जबाबदारी दुसऱ्या कोणाची आहे, असे त्यास दिसत नाही. सारजाबाईंनी हे ऐकले व काल अर्जदाराच्या कपाळास तेलाचे बोट लावले. करडईचेच होते. अर्जदाराने ते पुसलेले नाही. त्याच्या मताप्रमाणे या कृतीचा गोळीच्या गतीवर काहीही परिणाम होत नाही, हे दप्तरी नोंद असावे.

हा अर्ज सोमवारनंतर हाती पडल्यास, विषयाच्या ओळीत जेथे "तक्रार" शब्द आहे, तेथे कृपया तो खोडून "खबर" असा वाचावा. बाकी मजकुरात दुरुस्तीची गरज पडणार नाही.

आपला नम्र, आणि आपल्या हुकुमाने आरोपी होण्यास आतुर,

(सही)
राघवेंद्र गुंडेराव चिंचोलकर
मौजे करंजखोरी, मंगळवार, दिनांक ११ जुलै १९६१

सोबत :
बाभळीचे खोटे काडतूस, नग एक. निरुपद्रवी आहे.
कुंकवाच्या खरवडीची पुडी. अर्धी तांबडी, अर्धी लिंबाने पिवळी केलेली.
पहिल्या अर्जावरील एका ओळीच्या उत्तराची नक्कल.
खरे काडतूस टपालाने पाठवणे नियमाबाहेर असल्याने ते जोडलेले नाही. ते अर्जदाराच्या कोटाच्या डाव्या खिशात आहे. सोमवारी तोच कोट अंगावर असेल.